दोन सालोमी

व्हॅलेरियन अंकलइतका भित्रा माणूस मी आजवर पाहिला नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. रॅकमधली एक वायर बदलायची म्हटली तर हा माणूस ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपत जाणार, तसाच उलटा परत येणार आणि मग मला विचारणार, "ऋतिकाबाय, ही नक्की चालू नाय ना?" मी म्हणणार, नाही. की पुन्हा चाचपणं सुरू. माझं डोकंच फिरतं. "अंकल, काढा की एकदाची, साप आहे का तो?" असं ओरडले की हसतात, कपाळावर क्रूसाची खूण करतात आणि मगच हात घालतात.

आमच्या केबल चॅनेलचा स्टुडिओ वसईत, एव्हरशाईन सिटीत, पहिल्या मजल्यावरच्या टू बीएचके फ्लॅटमध्ये. हॉलमध्ये बातम्यांचं टेबल, एका बेडरूममध्ये मी, माझे स्क्रीन आणि माझी बटणं, दुसऱ्या बेडरूममध्ये एसी आणि रॅक. मी पाच वर्षं इथे आहे. अंकल बावीस.

अंकल भुईगावचे. घरची केळीची वाडी, वडिलांबरोबर पाणी लावायचं काम. गावात केबल टीव्ही आला तेव्हा माडावर चढून वायर ओढायला कुणीतरी हवं होतं, आणि माडावर चढता येणारा आणि वायरीला न घाबरणारा हा एकटा. हो, तेव्हा घाबरत नव्हते! मग एकदा क्रिकेटच्या फायनलला, शेवटच्या षटकात, यांनी दुसरीच वायर उपटली आणि अर्ध्या गावाचे टीव्ही काळे पडले. माणसं घरी आली ती दांडकी घेऊनच. अंकल दोन दिवस वसईला मामाकडे लपून बसले होते. "तवापासून बाय, वायर दोनदा चाचपल्याशिवाय मी उपटत नाय," असं ते स्वतःच सांगतात.

अशा माणसाच्या गळ्यात चौपन्नाव्या वर्षी नेटवर्क पडलं. आधी एक वायर म्हणजे एक कॅमेरा, सरळ हिशेब. आता वसईतल्या सहा चर्चमधून कॅमेऱ्याची चित्रं फायबरने आमच्याकडे येतात, पण येतात ती आकड्यांच्या तुकड्यांत. त्या तुकड्यांचं परत चित्र करणारा डबा म्हणजे कन्व्हर्टर. असे सहा डबे लोखंडी रॅकमध्ये एकाखाली एक स्क्रूने आवळून बसवलेले. नेटवर्कवर प्रत्येक डब्याचा स्वतःचा पत्ता असतो, घराला नंबर असतो तसा. तो पत्ता आपणच द्यायचा. कंपनी काही देत नाही.

अंकलना ते आकडे लक्षात राहीनात. मग त्यांनी काय करावं? डब्यांना नावं दिली! पांढऱ्या पट्टीवर काळ्या पेनाने, स्वच्छ अक्षरात. आजोबांचं, काकांचं, थोरल्या आत्याचं. सगळी घरातली गेलेली माणसं. वहीत नाव आणि समोर पत्ता. भुईगावच्या चर्चचं चित्र जो डबा घेतो त्याचं नाव सालोमी. सालोमी म्हणजे अंकलची आई. मी खूप हसले होते, पण खरं सांगते, महिन्याभरात मीही "सालोमी तापलीय हो" असंच बोलायला लागले.

जानेवारीत सालोमी बंद पडली. अंकलनी ती रिपेअरला पाठवली आणि नवा डबा आणून तिच्या जागी बसवला. त्यालाही नाव सालोमी, पत्ता तोच. मी म्हटलं, "अहो, नवं नाव द्या ना." तर म्हणाले, "असं कसं बाय? आमच्यात आजी गेली की घरात पुढच्या पोरीला तिचंच नाव ठेवतात. माझी पोरगी ग्लोरिया, तिच्या पोरीचं नाव काय? सालोमी!" मी हसून माझ्या खोलीत गेले. तेव्हा हट्ट धरला नाही त्याचा मला अजून राग येतो.

मे महिन्यात भुईगावच्या बर्थाबाई गेल्या. आमच्याकडे कॅथलिक गावांत आता मयताचं लाइव्ह असतंच, कारण निम्मं गोत परदेशी. बर्थाबाईंची मुलगी एमिली मस्कतला नर्स आहे. तिचा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी कुठल्याशा ऑफिसात अडकलेला, चार दिवस मिळणार नव्हता. भाऊ टोनी म्हणाला, तिच्यासाठी थांबू. पण उन्हाळा असा की घरात शव किती ठेवणार? शेवटी एमिलीच म्हणाली, करा.

सकाळी तिने मला फोन केला. आवाजात रडणं नव्हतं, आणि तेच ऐकवत नव्हतं. म्हणाली, "ताई, झाकण लावायच्या आधी मला आईचा चेहरा बघायचाय. बाकी मिस्सा वगैरे नाही दिसली तरी चालेल. तेवढं एक द्या." मी म्हटलं, देते. लाइव्हला वीस-पंचवीस सेकंद उशीर होतो म्हणून तिच्यासाठी वेगळा व्हिडिओ कॉल जोडला. माझ्या स्क्रीनवर येईल ते तिथल्या तिथे तिच्या फोनवर.

कुणी म्हणेल, कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग होतं की, नंतर बघितलं असतं. म्हणणाऱ्याला माझ्यासमोर आणा. रेकॉर्डिंग बघायला बसाल तेव्हा आई मातीखाली गेलेली असते. निरोप घ्यायचा तो माणूस वर आहे तोवरच घ्यायचा ना?

चार वाजता चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे मयताची प्रार्थना, सुरू झाली. कॅमेऱ्यावर आमचा मार्क, कानात मोबाइलला जोडलेला हेडफोन, मी इकडून बटण दाबून बोलते ते त्याला ऐकू जातं, त्याने त्याचं बटण दाबलं की मला. भुईगावात मोबाइलवर आवाज जातो, चित्र जात नाही. चित्र सुंदर. आणि अंकल? अंकल रॅकसमोर स्टुलावर बसून घामाघूम, एसी अठरावर असताना. दर पाच मिनिटांनी सालोमीवर तळहात ठेवून बघायचे, तापली का. बर्थाबाई त्यांच्या शेजारच्या आळीतल्या. एमिलीला त्यांनी कडेवर खेळवलेली. "बाय, आज काय झालं ना, तर मी गावात तोंड दाखवणार नाय," असं तीनदा बोलून झालं. "अशुभ बोलू नका," मी खेकसले आणि दार लोटून घेतलं.

मिस्सा संपली. शवपेटी चर्चच्या अंगणात आणून ठेवली. एकेक नातेवाईक पुढे येऊन वाकून निरोप घेऊ लागला. मी मार्कला म्हटलं, गर्दी ओसरली की जवळ जा, चेहरा घे. एमिलीला सांगितलं, आता पाच मिनिटं. ती म्हणाली, "हो ताई, मी बसलेय."

आणि चित्र गेलं.

स्क्रीन काळा. दहा सेकंदांनी चित्र आलं, माणसांची डोकी दिसली, पुन्हा गेलं. परत आलं, परत गेलं. फोनमधून एमिली, "ताई? ताई, दिसत नाहीये." मी म्हटलं, "एक मिनिट हं, एक मिनिट." किती मिनिटं म्हटलं देवाला ठाऊक.

मी दार ढकलून रॅकच्या खोलीत गेले. अंकल वायरी चाचपत होते. फायबरचा दिवा हिरवा. स्विच बरोबर. चर्चमध्ये कॅमेऱ्याजवळ असलेला, चित्र पाठवणारा डबाही चालू असल्याचं मार्क सांगतोय. मग तुटतंय कुठे? तेवढ्यात माझी नजर रॅकच्या तळाला गेली. काल रिकामा असलेल्या खणात एक डबा होता, दिवा लुकलुकत होता, पट्टीवर नाव नव्हतं.

"अंकल, हा कोण?"

त्यांनी आधी डब्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "सालोमी," म्हणाले.

"सालोमी वर आहे!"

"ती दुसरी. ही पहिली. काल रिपेअर होऊन आली. वरची तापली वाटली गं मला. ही तयार असलेली बरी म्हणून आत्ता चालू केली. ते लोक सगळं पुसून देतात बाय, नेहमी पुसून देतात!"

या वेळी पुसलं नव्हतं. पहिली सालोमी आपला जुना पत्ता घेऊनच परत आली होती. एका पत्त्यावर दोन घरं! भुईगावहून येणारं चित्र कधी वरच्या दाराशी जात होतं, कधी खालच्या. आणि हे केलं कुणी? ज्याने बावीस वर्षं विचारल्याशिवाय एक वायर हलवली नाही, त्याने. भीतीपोटी केलं. मला ओरडायचं होतं, पण ते माझ्याआधीच खाली वाकले आणि खालच्या डब्याची वायर उपटली. न चाचपता.

आता येईल, म्हणून मी स्क्रीनकडे धावले. काळा. दहा सेकंद, वीस सेकंद, काळाच. मी परत ओरडले, "अंकल, गेलं हो! सगळंच गेलं!"

अंकल दारात येऊन उभे राहिले. "चर्चमधल्या डब्याच्या डोक्यात खालचीच राहिली," म्हणाले. "तिलाच पाठवतोय अजून. आपोआप विसरेल, पाच मिनिटांनी."

"पाच मिनिटं कुठून आणू मी?"

"मग तो बंद करून परत चालू करायचा. दीड मिनिट."

मी बटण दाबलं. माझ्याआधी मार्कच कुजबुजला, "ऋतिका, फादर आले. झाकण आणतायत." मी एमिलीला शब्द दिला होता, देते म्हणून. तिने मागितलं होतं ते एवढंच, आणि ते माझ्या हातातून चाललं होतं. पुढे काय करायचं तेच सुचेना.

अंकलनी मला हाताने बाजूला केलं. बटण दाबलं. "मार्क, पायाशी डबा आहे त्याचा प्लग काढ. दहा आकडे मोज, परत लाव. आणि कानातला हेडफोन काढून टोनीच्या कानाला लाव."

"अंकल, सगळे बघतायत, फादर..."

"लाव म्हणतो ना!"

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग ते टोनीशी घरच्या बोलीत बोलले, भराभर. मला निम्मं कळलं. कळलं ते एवढंच, की चित्र तुटलं ते माझ्यामुळे, चूक माझी, व्हॅलेरियनची, सगळ्या गावाला सांग, पण झाकण लावू नको. एमिलीने अजून बघितलं नाय.

आम्हाला काही दिसत नव्हतं, आणि बोलायचं बटण टोनीला माहीत नव्हतं. टोनीने ऐकलं की नाही, फादर काय म्हणाले, झाकण लागलं की काय, काहीच कळायला मार्ग नव्हता. अंकल भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे होते. मी त्यांचा हात धरला. "एमिली," मी फोनमध्ये म्हटलं, "आहेस ना?" ती म्हणाली, "लागलं का हो झाकण?" मी म्हटलं, "माहीत नाही गं." खोटं बोलवेना.

एक मिनिट चाळीस सेकंदांनी चित्र आलं.

सगळं गाव उन्हात थांबलेलं होतं. कुणी हललं नव्हतं. फादर हात जोडून बाजूला उभे, दोन माणसं झाकण आडवं धरून उभी, बायकांनी रोझरी म्हणायला सुरुवात केलेली. टोनी एका कानाला हेडफोन धरून कॅमेऱ्याकडेच बघत होता. मार्क पुढे गेला. बर्थाबाईंचा चेहरा स्क्रीनभर आला, कपाळावर पांढरा रुमाल, हातात जपमाळ.

एमिली "आई" म्हणाली. मग बराच वेळ त्यांच्या बोलीत काहीतरी बोलत राहिली, हळू, लहान मुलाला झोपवताना बोलतात तशी. मी फोनचा आवाज कमी केला. ते माझ्यासाठी नव्हतं.

मग ती मला म्हणाली, "ताई, झाका म्हणावं आता."

मी बटणावर बोट ठेवलं, पण दाबवेना. कुणाच्या आईवर झाकण टाका असं मी कसं म्हणू? अंकलनी माझ्या बोटावर बोट ठेवून बटण दाबलं. "टोनी," म्हणाले, "एमिली म्हणते, झाक."

टोनीने मान हलवली. चार वाजल्यापासून मी जीव मुठीत धरून होते, की हे चित्र तुटू नये. झाकण खाली येताना मात्र मला वाटलं, तुटू दे, देवा, आता तुटू दे. ते तुटलं नाही. शेवटचा स्क्रू पिळून होईपर्यंत स्वच्छ दिसत राहिलं, आणि एमिली बघत होती.