आबांची फालतू वाघाटी

नाकेदार आबांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या : फालतू आणि निव्वळ फालतू. कलेक्टर फालतू, रेडिओ फालतू, तेव्हाचं द्वैभाषिक राज्य तर निव्वळ फालतू. सातपुड्यातल्या त्या शाळेवर मी रुजू झालो, त्या दिवशी त्यांनी मला चपलांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं, बाजूला पिंक टाकली आणि बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "हाऊ काय पोरेसले शिकाडी? फालतू मास्तर शे."

आबा जंगल खात्यातले नाकेदार. मूळचे म्हसावदकडचे, पण तोरणमाळच्या अंगाखांद्यावर त्यांची हयात गेली होती. नाक्यालगतच माझी शाळा, म्हणजे एक कुडाची खोली. मला नाक्यावरच जेवायला घालत आणि वर माझी अक्कल काढत. काकूंची भाकरी फालतू म्हणत, पण चौथी मागून घेत. त्यांची शेळीही फालतूच होती. पावसाळ्यात मात्र ती घरात असे आणि आबा ओट्यावर कुडकुडत असत. जिथे जीव अडकलेला, तिथे तो शब्द जरा जोरात निघायचा, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

सगळ्यात जोरात निघायचा तो वाघाटीच्या बाबतीत. वाघाटी म्हणजे घरच्या मांजरीहून लहान असलेली रानातली मांजर. अंगावर गंजासारखे ठिपके, कपाळावर पांढऱ्या रेघा. दिवसभर झाडाच्या ढोलीत झोपणार आणि अंधार पडला की निघणार. वीस-वीस वर्षं डोंगरात काढलेल्यांनाही ती दिसलेली नसे. नाक्याखालच्या एका दरीत तिचं बिऱ्हाड होतं. पाड्यावरच्या पावरा मंडळींना ते ठाऊक होतं, आबांना होतं, आणि पुढे माझ्या दुर्दैवाने मलाही झालं.

कापूस विकून झाला की तापीकाठचे हौशी शिकारी जीप घेऊन वर येत. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायचा आणि डोंगरात बार काढायचा, एवढाच त्यांचा पुरुषार्थ. वाघ यांच्या वाऱ्याला उभा राहत नसे. मग जे हलेल त्यावर बंदूक. एकदा तिन्हीसांजेला अशाच एका शेठला फांदीवर वाघाटी दिसली. त्याने नेम धरला. आबा तंबाखू मळत शांतपणे म्हणाले, "मारा शेठ, मारा. फालतू मांजर शे. मंग सोनानं मांजर करीसन काशीले जावं लागी. आन् गावमा नाव पडी, मांजरमाऱ्या." मांजर मारल्याचं पाप सोन्याचं मांजर दान केल्याशिवाय फिटत नाही, हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत. शेठने बंदूक खाली घेतली आणि जीपमध्ये जाऊन बसला. त्याची मिशी मला आजही आठवते, ओल्या वातीसारखी पडली होती.

दरीतली झाडतोड निघाली तेव्हाही आबांनी हेच केलं. ठेकेदाराच्या यादीत प्रत्येक ढोलीच्या झाडापुढे त्यांनी लिहून ठेवलं, 'पोकळ. फालतू.' ठेकेदार हसला आणि ती झाडं सोडून गेला. मी विचारलं, "आबा, एवढं देखणं जनावर, तुम्ही त्याला सारखी नावं का ठेवता?" ते म्हणाले, "चांगलं म्हनं का मानूस हात लावस. तुले नही समजाव."

मला नाहीच समजलं. मी पडलो लेखक. धुळ्याच्या एका साप्ताहिकात मी वाघाटीवर लेख लिहिला. लोकांना कळलं की लोक जपतील, असला शाळामास्तरी भाबडेपणा. त्यात तिचे डोळे वर्णिले, ठिपके वर्णिले, आणि शहाण्याने दरीचा रस्ताही वर्णिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लेख छापून आला तेव्हा मी तो शाळेच्या भिंतीला डकवला होता.

दोन महिन्यांनी शहरातून एक साहेब आले. वन्य प्राण्यांचा संग्रह करणारे, परवाना खिशात, बूट आरशासारखे. आबांनी नेहमीचा मंत्र म्हटला, "फालतू मांजर शे, साहेब." साहेबांनी वहीतून माझ्या लेखाचं कात्रण काढलं आणि मोठ्याने वाचलं, "'सातपुड्याच्या मुकुटातला हा दुर्मिळ हिरा!' मग हे काय?" आबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी? साहेबांच्या तोंडी माझं वाक्य आलं म्हणून मी लाजून हसत होतो. त्या हसण्याची किळस मला अजून येते.

तिसऱ्या दिवशी बार झाला. साहेबांनी मादी पेटीत ठेवली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "गुरुजी, आता ही जात कायमची जतन झाली. पेंढा भरला की शंभर वर्षं टिकेल." असल्या विद्वत्तेपुढे तो मिशीवाला शेठ मला संत वाटला. त्याला निदान पापाची भीती तरी होती.

ढोलीत दोन पिल्लं होती. आबांनी ती कोटाच्या खिशातून आणली आणि कापसाच्या वातीने शेळीचं दूध पाजायला बसले. मी जवळ गेलो तर पाठ फिरवली. एक चौथ्या दिवशी गेलं. दुसरं, शेपटीचं टोक मोडलेलं, ते आबा महिनाभर खिशात घेऊन हिंडले. मग एक दिवस खिसा रिकामा दिसला. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून आबा माझी स्तुती करू लागले. येईल त्याला सांगत, "आमना मास्तर भलता हुशार शे. अक्षर देखा, झकास." काकू मान खाली घालून भाकरी वाढत. वर्षभर मी ती स्तुती ऐकली. कुणी जोड्याने मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

मग विसरवाडीच्या बाजूला माझी बदली झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी आबा दारात येऊन म्हणाले, "चाल." दरीत उतरून आम्ही एका खडकाआड बसलो. उजेड मावळता मावळता समोरच्या पोकळ झाडातून ती निघाली आणि फांदीवर बसून आमच्याकडे पाहू लागली. शेपटीचं टोक मोडलेलं. नजर हुबेहूब आबांची : ही दोन माणसं कशाच्याही कामाची नाहीत, अशी. मला हुंदका आला तसा आबांनी माझा गुडघा दाबला आणि पुटपुटले, "देख. फालतू."

वर आल्यावर त्यांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली. मग म्हणाले, "जाय आते, फालतू मास्तर." वर्षभरानंतर मला माझं नाव परत मिळालं. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पिंक टाकली.

आबा जाऊन आता खूप वर्षं झाली. माझा लेख वाचलेलं कुणीतरी अजून अधूनमधून भेटतं आणि त्या दरीचा रस्ता विचारतं. मी सांगतो, कशाला पायपीट करता? तिकडे काही नाही. फालतू मांजरं आहेत.