तारेवरून गेलेला 'बस'

तारघर म्हटलं की तुम्ही मनात म्हणणार, आता कुणीतरी गेल्याची तार येणार आणि घरात रडारड होणार. रुमाल आत ठेवा. त्या दुपारी नंदुरबारच्या तारघरात फक्त नियम आले. मशीन चालवायचे नियम, त्याच मशीनमधून.

छापील पुस्तक टपालात कुठंतरी अडकलेलं, म्हणून धुळ्याचे म्हातारे तारबाबू ते तारेवरून कळवत होते. कट्ट, कडकट्ट. मी शिकाऊ. ऐकायचं आणि पेन्सिलीनं इंग्रजी अक्षरं उतरवायची. मागचं परत ऐकायची सोय नाही, पुढं किती उरलंय ते कळत नाही. तार बोलत असताना खुर्ची सोडायची नाही, ही पोस्टमास्तरांची ताकीद. ते स्वतः जेवायला घरी गेलेले.

तिकडे स्टँडवर वडील धुतलेलं धोतर नेसून माझी वाट बघत उभे. रनाळ्याला मुलगी बघायला जायचं होतं. ही यष्टी चुकली की स्थळ गेलंच.

समोरच्याला थांबवायची काहीतरी खूण असते, एवढं मला माहीत होतं. कुठली, ते नियमांत येणार होतं. आणि नियम तर थांबेनात. एरवी मी या तारबाबूंची नक्कल करायचो, जिभेनं त्यांची कडकट्ट वाजवून, मध्येच तपकीर ओढायला थांबतात तेसुद्धा. त्या दिवशी त्यांनी तपकीरही ओढली नाही.

बाहेर यष्टीचा हॉर्न वाजला. मी खटका दाबून इंग्रजी अक्षरांत पाठवलं: बस. म्हणजे, पुरे झालं.

तार गप्प. मी चपलेत पाय घातला. तेवढ्यात पलीकडून इंग्रजी अक्षरांत चक्क मराठी आलं, "तुझ्या बापाच्या वयाचा आहे मी. मला बस म्हणतोस?"

आणि त्यांनी पहिल्या नियमापासून पुन्हा सुरुवात केली. यष्टीचा आवाज स्टँडवरून निघून लांब गेला, तोही मी खुर्चीत बसूनच ऐकला.

थांबवायची खूण अगदी शेवटच्या नियमात होती. त्यानंतर माझ्याबद्दलची तक्रार आली, तीही मीच उतरवून घेतली. पोस्टमास्तर परतल्यावर ती त्यांच्या हातात दिली, आणि मोठ्या माणसांशी कसं बोलावं यावर शुद्ध भाषेत व्याख्यान ऐकलं.

घरी वडिलांनी अजून धोतर बदललं नव्हतं. मी त्यांना 'बस'पासून तक्रारीपर्यंत सगळं सांगितलं.

"पोरगी तठे नटीसन बठेल व्हती, आनि तू अठे कट्टकट्ट करी ऱ्हायना," ते म्हणाले. "बस म्हणस ना तू? मंग आते बस घरमाच."