दोन तोंडांची चूल

लग्न होऊन मी जानेफळला आले, त्या पहिल्याच आठवड्यात भासऱ्यांनी जाऊबाईंना ताट फेकून मारलेलं मी पाहिलं. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. सासू-सासरे हयात नव्हते, त्यामुळे घरात शब्द त्यांचाच. त्यांनी ताटातली भाकर उलटी केली, मागचा काळा डाग पाहिला आणि ताट भिरकावलं. जाऊबाईंची भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं तसं त्यांनी ते पदरानं टिपलं आणि दुसऱ्या हातानं तव्यावरची भाकर उलटली, कारण तीही करपली असती तर पुढचं मी सांगायला नको. मी दारात तांब्या घेऊन उभी होते. मेहकरला माझ्या माहेरी बाप ओरडायचा, पण हात उचलत नसे. मला वाटलं, नव्या सुनेनं पाहून न पाहिल्यासारखं करावं.

भाकरी का करपतात ते हळूहळू कळलं. चूल सासूबाईंनी घातलेली, कोपऱ्यात, जमिनीलगत. वर टिनपत्रे आणि भिंतीत वीतभर झरोका. घरात गॅस होता, पण तो चहापुरता. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच, कारण शेतातल्या पऱ्हाट्या-तुऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशी-तुरीच्या वाळल्या काड्यांची, रास अंगणात पडलेली असायची. पऱ्हाटी पेटली की सगळा धूर खोलीतच फिरायचा. जाऊबाईंचे डोळे वर्षानुवर्षं त्यात शिजले होते. एकदा त्या मला म्हणाल्या, "अवं, मले तवा दिसत नाई वं. वासावर भाकर उलटवा लागते."

मेहकरच्या डॉक्टरांनी त्यांना धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं. त्यांनी ते घरी येऊन सांगितलं, तेव्हा भासरे म्हणाले, "मंग काय म्या थापू भाकरी?" आणि जाताजाता त्या बसल्या होत्या तो पाट पायानं ढकलला. त्या भिंतीवर आपटल्या. आमच्या घरात अशी मारहाण पाणी भरण्याइतकी रोजची झाली होती. शेजारचे ऐकायचे आणि रेडिओचा आवाज वाढवायचे.

माझ्या मावशीच्या घरी उंच ओट्यावरची चूल होती. दोन तोंडं, पुढच्यावर तवा, मागच्यावर पाणी, आणि धूर सिमेंटच्या पाइपातून थेट छपराबाहेर. तशी चूल आपण बांधू, असं मी नवऱ्याला म्हणाले.

"दादाले इचारा लागन," तो म्हणाला.

"इचारलं तं ते नाई म्हनतीन."

"म्हनतीनच." तो बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. मग म्हणाला, "उन्हाळ्यात दादा धाड गावाले जाऊन राह्यला, लग्नाले. चार दिवस नसन."

भासऱ्यांना घेऊन प्रवासी जीप धुरळ्यात दिसेनाशी झाली आणि आम्ही कामाला लागलो. जुनी चूल आधी मोडायची होती. जाऊबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, हात जोडले. मी कुदळीचे दोन घाव घातले, तेवढ्यात त्यांनी कुदळ माझ्या हातातून ओढून घेतली. त्यांनी ती चूल फोडली, तिचे तुकडे फोडले, तुकड्यांची माती केली, तरी त्या थांबेनात. खालची जमीन हातभर उखणली गेली. मी म्हणाले, "बाई, झालं, मोडली ते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला त्यांची भीती वाटली.

माझ्या नवऱ्यानं विटांचा कमरेएवढा ओटा रचला. माती, भुसा आणि शेण मी पायानं तुडवलं. जाऊबाईंनी दोन्ही तोंडं हातानं घडवली, ओल्या बोटांनी कडा गुळगुळीत केल्या. पत्र्यात छन्नीनं भोक पाडून पाइप बाहेर काढला. वैशाखाच्या उन्हात सगळं तीन दिवसांत खडखडीत वाळलं. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही चूल पेटवली. थोडा धूर खोलीत घुटमळला आणि मग पाइपानं ओढून घेतला. जाऊबाई उभ्यानं भाकर टाकत होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू पीठ मळताना जीभ चावतं वं. मले आज दिसलं."

ऊन टळटळीत झालं तेव्हा भासरे आले. येताना जीपमध्ये गावातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, तुमच्या घरी दुसरी चूल पडली म्हणून. आमच्याकडं घरात दुसरी चूल पडली म्हणजे भाऊ वेगळे झाले, शेत वाटलं, घरात भिंत आली. आमची चूल एकच होती, तिला तोंडं दोन होती. पण हे त्यांना सांगायला जीपमध्ये कोणी नव्हतं, आणि त्यांनी घरी येऊन विचारलंही नाही. अंगणातली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उचलूनच ते आत आले.

"माह्या मायची चूल कोनं मोडली?"

नवरा पुढं झाला. "दादा, आयक. वैनीच्या डोयाचं पाहून..."

"वेगळं निंगाचं होतं तं तोंडानं सांगाचं होतं बे. म्या गेल्यावर घर फोडता?"

पहिला घाव पाइपावर पडला. सिमेंटच्या कपच्या खोलीभर उडाल्या, एक माझ्या गालात घुसली. नवऱ्यानं सब्बल धरायला हात घातला, तर भासऱ्यांनी ती मागं ओढून आडवी फिरवली. त्याच्या खांद्यावर ती बसली तेव्हा वाळली तुऱ्हाटी मोडल्यासारखा आवाज आला. तो भिंतीला टेकत खाली बसला. तोंड उघडं होतं, पण आवाज निघत नव्हता. भासऱ्यांनी सब्बल पुन्हा वर उचलली. या वेळी त्यांची नजर चुलीवर नव्हती, भावावर होती. मला ते अजून स्वच्छ आठवतं. मी ओरडले की नाही, ते मात्र आठवत नाही.

चुलीच्या मागच्या तोंडावर पाण्याचा गंज, मोठं पातेलं, उकळत होता. जाऊबाईंनी पदराच्या दोन घड्या करून तो दोन्ही कानांना धरून उचलला आणि भासऱ्यांच्या छातीवर रिकामा केला.

माणसाच्या घशातून तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. सब्बल पडली. ते गुडघ्यावर आले, सदरा ओरबाडू लागले, आणि सदऱ्याबरोबर हाताची कातडी निघून आली. ओल्या मातीचा, पिठाचा आणि भाजलेल्या अंगाचा वास एकत्र झाला. जाऊबाई रिकामा गंज धरून उभ्या होत्या. मी नवऱ्याजवळ बसले होते, पण डोळे भासऱ्यांवर होते, आणि मला बरं वाटत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो माणूस तडफडत होता आणि माझ्या मनात येत होतं, अजून थोडं पाणी असतं तर.

मग जाऊबाईंनीच गंज खाली ठेवला, रांजणातलं गार पाणी घेतलं आणि तांब्या तांब्या करून भासऱ्यांच्या अंगावर ओतायला लागल्या. ते शिव्या देत होते. त्या ओतत होत्या.

मेहकरला जायला एकच जीप मिळाली. मागच्या बाकावर एकीकडं भासरे, ओल्या धोतरात गुंडाळलेले, दुसरीकडं माझा नवरा, लटकता हात मांडीवर घेऊन. मधे आम्ही दोघी. गचका बसला की दोन्ही भाऊ एकदम कण्हायचे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. भासरे डोळे मिटून म्हणाले, "गंज उलटला अंगावर."

"उलटला नाई," जाऊबाई म्हणाल्या. "म्या टाकला."

डॉक्टरांचा पेन थांबला. त्यांनी माझ्या गालाकडं, नवऱ्याच्या खांद्याकडं पाहिलं आणि पोलिसांना कळवावं लागेल म्हणाले. संध्याकाळी एक जमादार आला. जाऊबाईंनी त्याला सगळं सांगितलं, भुवईची जुनी खूण, भिंत, सब्बल, पाणी. कुठंही आवाज चढला नाही. नंतर जमादार भासऱ्यांच्या खाटेशी गेला. ते म्हणाले, "माही कोनाविरुद्ध तक्रार नाई." माझा नवराही तेच म्हणाला. जमादारानं तसं लिहून घेतलं. त्या दोघांनी एकमेकांना वाचवलं, की घराची लाज झाकली, की जाऊबाईंना सोडवलं, हे मला कळलं नाही. जाऊबाईंना मात्र राग आला. "म्या खरं सांगतलं," त्या मला म्हणाल्या, "आन् खोटं लिहून गेला थो."

नवऱ्याचं हाड दोन महिन्यांत सांधलं, पण हात खांद्याच्या वर जात नाही. भासऱ्यांना उठायला पावसाळा उजाडला. उजवा हात कोपरात आखडला. छातीवरची कातडी लाल, चकचकीत झाली. ते घरी आले तेव्हा आम्ही मोडलेला पाइप बदललेला होता. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून चुलीकडं पाहिलं आणि ओसरीवर जाऊन बसले. जाऊबाईंनी ताट नेऊन समोर ठेवलं आणि परत आल्या. डाव्या हातानं भासऱ्यांना भाकर मोडता येईना. त्या चुलीपाशी उभ्या राहून पाहत होत्या, पण गेल्या नाहीत. शेवटी माझा नवरा जाऊन बसला आणि भावाला घास मोडून देऊ लागला. मी तिथून निघून गोठ्यात गेले. मला ते पाहवत नव्हतं, आणि रडूही येत नव्हतं.

भासरे सुधारले, असं लोक म्हणतात. मला तसं म्हणता येत नाही. पोळ्याच्या दिवशी भाजी खारट झाली म्हणून त्यांनी डावा हात उचलला होता. जाऊबाई मागं सरकल्या नाहीत. "मारा," म्हणाल्या. एवढंच. त्यांच्या मागं चूल पेटलेली होती. हात काही वेळ हवेत राहिला, मग भासऱ्यांनी तो धोतराला पुसला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

मी जाऊबाईंना विचारलं, "बाई, पानी टाकलं तवा भेव नव्हतं वाटलं?"

"वाटलं ना," त्या म्हणाल्या. "गंज जड होता. वाटलं, आपल्याच पायावर सांडते का काय."

आणि त्यांनी चुलीत एक पऱ्हाटी आत सारली.