पंख्याच्या वाऱ्याने दिलेला कौल

"डक्टल कार्सिनोमा," डॉक्टर म्हणाल्या आणि माझा चेहरा बघून त्यांनी लगेच सोपं करून सांगितलं, "स्तनाचा कॅन्सर आहे. लवकर सापडलाय. आता फक्त वेळ घालवू नका." गंगापूर रोडवरच्या त्या दवाखान्यात एसी चालू होता, तरी मला दरदरून घाम फुटला.

वेळ घालवायचं काम घरच्यांनी केलं.

माझ्या थोरल्या नणंदबाई घोटीहून आल्या. माझ्या सासरी मोठ्या कामाआधी कौल लावतात. देवीच्या तसबिरीवर दोन बाजूंना ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. वन्संनी विचारलं, ही ऑपरेशनशिवाय बरी होईल का? उजवं पडलं.

"देवीनं सांगितलं. चाकू लावायचा नाय," वन्सं म्हणाल्या.

माझ्या नवऱ्याला दवाखान्याची मुळातच धास्ती. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. दवाखान्याचा फोन लागला नाही, तर तोही संकेत. वन्संनी गाठलेल्या काढा देणाऱ्या बाईंचं नाव देवीचंच निघालं, तोही संकेत. मी रडत रडत काढा प्यायले.

एक दिवस अंग पुसताना काखेत दुसरी गाठ हाताला लागली. मी तशीच देवघरात गेले आणि प्रथमच मान वर करून पाहिलं. तसबिरीच्या उजव्या अंगाला पंखा होता. कौलाच्या दिवशीही तो चालूच होता. मी फुलं ओली करून लावली, पंखा सुरू केला. उजवं पडलं. पुन्हा लावली, पुन्हा उजवंच. देवी बिचारी काही बोललीच नव्हती.

मी पिशवी भरली. उंबऱ्यात वन्सं शिंकल्या. "थांब, घोटभर पाणी पी, मग जा."

"वन्सं, तुम्हाला सर्दी झालीय," मी म्हणाले आणि रिक्षात बसले. हे मागून धावत आले.

मॅस्टेक्टॉमी झाली, म्हणजे स्तन पूर्ण काढला. मग केमो, म्हणजे शिरेतून दिलेली जालीम औषधं. केस गेले, तोंडाची चव गेली. डॉक्टर म्हणाल्या, "आधी आला असतात तर कदाचित स्तन वाचवता आला असता." त्या रागावल्या नाहीत. मला मात्र इतका राग आला की बाहेरच्या बाकावर मी ह्यांच्याकडे पाठ फिरवून बसले.

पुढच्या तपासण्या चांगल्या आल्या. वन्सं पेढे घेऊन हजर. "बघ, बरी झालीस का नाय? देवीचा कौल कधी खोटा ठरत नाय."

माझं डोकं फिरलं. ह्यांच्यासमोरच मी पदर काढला, ब्लाउजची हुकं सोडली. "चाकू लावायचा नव्हता ना, वन्सं? मग हे काय आहे?"

 पेढे कुणी खाल्ले नाहीत.

बायांनो, गाठ लागली तर तडक दवाखाना गाठा. फूल पडतं, मांजर आडवं जातं, पाल चुकचुकते. त्यांना तुमच्या गाठीचं काही माहीत नसतं. मी अजून देवीपुढे दिवा लावते. डॉक्टरांचे उपकार जन्मभर विसरणार नाही. ह्यांना अजून माफ केलेलं नाही.