प्रतिवादी नंबर दोन

१९२६ साली नागपुरात सुताला पक्का लाल रंग देणारे जे थोडे कारागीर उरले होते, त्यांत रुपराव रंगारी हे एक. एका मोकळ्या जागेत त्यांचे चार हौद होते आणि शेजारी विहीर. जागा मालकाची, हौद रुपरावांच्या वडिलांनी बांधलेले, पाणी मालकाच्या तोंडी शब्दावर मिळालेले. मालक वारल्यावर त्यांचे मुलगे, दत्तोपंत आणि मनोहरराव, वाटणीसाठी दिवाणी न्यायालयात गेले. दावा लावणाऱ्या दत्तोपंतांना विहिरीसह ती जागा हवी होती. हौद फोडून तेथे चाळ बांधण्याचा मनसुबा त्यांनी उघड बोलून दाखवला होता.

रुपरावांनी यावर जो उपाय योजला, तो जातपंचायतीच्या रीतीतून आलेला होता. पंचायतीत जो येऊन बसे, त्याला काही सांगायचे आहे असे गृहीत धरले जाई. उठण्यापूर्वी पंच त्याच्याकडे वळून विचारीत. म्हणून दीड वर्ष प्रत्येक तारखेला ते न्यायालयाच्या ओसरीत जाऊन बसले. कोपरापर्यंत लाल झालेले हात पाहून चपराशी विचारी, "आज कोनाचा खून करून आला गा?" रुपराव हसत, आणि हात उपरण्याखाली घेत.

एके दिवशी पत्नी पंचफुला म्हणाली, "दीड साल झालं, तुमी जाऊन राहिले. त्या दोघाइचं नाव पुकारते, तुमचं काहून नाही पुकारत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपराव बाबाराव वकिलांच्या दारात उभे होते.

"तुम्ही या दाव्यात नाहीच," बाबाराव म्हणाले. "आणि महिन्याभरात निकाल आहे."

"मी तं हरेक तारखेले हाजर होतो, वकीलसाहेब."

"हजर होता, पक्षकार नव्हता. आता अर्ज द्यायचा: या निकालाने माझा हक्क बुडतो, मलाही सामील करून घ्यावे. न्यायालयाला पटले, तर मनोहररावांपाठोपाठ तुम्ही प्रतिवादी नंबर दोन."

प्रतिवादी म्हणजे आरोपी, असेच रुपरावांना वाटले. त्यांच्या चुलत्याला न्यायालयाच्या त्याच आवारातून बेड्या घालून नेले होते. "मी काय गुन्हा केला जी? मले वादीच करा ना."

"वादीच्या बाजूला बसून स्वतःचेच हौद फोडून मागणार काय?" बाबाराव हसले, मग गंभीर झाले. "गुन्ह्याचा संबंध नाही. पण एक ऐकून ठेवा. आज हा निकाल तुम्हाला बांधत नाही. सामील होऊन हरलात, तर बांधील."

"अन् सामील नाही झालो तं?"

"हौद आधी फुटतील. मग तुम्ही नवा दावा लावायचा, विटांसाठी."

रुपरावांनी अर्जावर अंगठा उठवला. पहिला ठसा फिसकटला, म्हणून कारकुनाने दुसरा उठवायला लावला.

सुनावणीत दत्तोपंतांच्या वकिलांनी हरकत घेतली: वाटणी भावाभावांची, हा तिऱ्हाईत. न्यायाधीशांनी चष्मा काढून थेट रुपरावांकडे पाहिले. "या वाटणीत तुमचे काय जाणार?"

बाबारावांनी पढवलेली वाक्ये कुठल्या कुठे गेली. "इहीर, हुजूर," ते कसेबसे म्हणाले. "पानी नसलं तं हौद म्हंजे निरे खड्डे."

अर्ज मंजूर झाला. म्हणणे लेखी मांडण्यास पंधरा दिवसांची मुदत मिळाली. बाबारावांनी पाठ थोपटली. रुपरावांना मात्र आपल्याभोवती काहीतरी आवळले गेल्यासारखे वाटले. आजवर ते दुसऱ्यांच्या भांडणाला भीत होते. आता हरले, तर ते स्वतः हरणार होते, सरकारी कागदावर, नावानिशी.

घरी पंचफुला हौदाच्या काठावर सूत पिळत होती. "झालं काय?" तिने विचारले.

"घेतलं मले," रुपराव म्हणाले आणि तिच्याजवळच खाली बसले. "सोळाले पुढची तारीख आहे. तू बी चाल वं. एकट्याले लय भेव लागते."