नहपानाचं नाक

सदानंद इकडे परदेशात, टूनगॅबीत, बस चालवतो. मूळचा नाशिकचा, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी वाढलेला. रविवारी शाळेच्या एका खोलीत इथल्या मराठी घरांतल्या मुलांना मराठी शिकवतो. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण मागे जाऊन बसते. मागच्या खुर्चीला कुणी शिक्षण विचारत नाही.

या टर्मला मुलं उरली सहा. एक जरी कमी झालं तर खोली जाणार. आणि शुभदा तर तिच्या स्वरदाला काढायला निघालेली.

"काका, मेलेले राजे कशाला? मुलीला आधी दोन वाक्यं बोलायला शिकवा ना!"

"एक रविवार द्या," सदानंद म्हणाला.

त्या रविवारी त्यानं नहपान काढला. शकांचा राजा. घराणं वायव्येकडून आलं, म्हणे सुभेदारी करायला, आणि बघता बघता भरूच, जुन्नर, नाशिक धरून बसलं. याच्या जावयानं नाशकात भिक्खूंना लेणं कोरून दिलं आणि दगडात सासऱ्याचं नाव घातलं. आमच्या जावयाला माझा फोन नंबर पाठ नाही.

मग मी घरून मळून आणलेली कणीक निघाली. सदानंदानं बटाट्यावर नहपानाचा नाकेला चेहरा कोरून आणलेला. मुलांनी पटापट नाणी पाडली.

"आणि आला पैठणचा गौतमीपुत्र सातकर्णी! नहपान हरला, घराणं बुडालं!"

मी लगेच लाटणं फिरवलं. तीन नहपान सपाट.

"अहो आजी, थांबा! सातकर्णीनं नाणी मोडली नाहीत. त्यांच्यावरच आपला ठसा मारला."

"मग आधी सांगायचंस! जन्मभर पोळ्या लाटल्यात मी."

पोरं खिदळली. उरलेल्या नाण्यांवर दुसरा बटाटा उठला, सातकर्णीचा तीन कमानींचा डोंगर.

शुभदा न्यायला आली तेव्हा दारातच उभी राहिली, नाव काढायचा फॉर्म हातात. स्वरदा एरवी आईला इंग्रजीतच उत्तर देते. ती कणकेचं नाणं घेऊन धावली.

"आई, सातकर्णी जिंकला. पण नहपानाचं नाक अजून दिसतंय!"

शुभदानं नाणं उजेडात धरलं. डोंगराच्या कडेनं नाक खरंच डोकावत होतं.

"दोन वाक्यं झाली गं," मी म्हटलं.

तिनं फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला. सदानंद फळा पुसत होता, एकच जागा पुन्हा पुन्हा.

खोली आमचीच आहे. सपाट झालेले तीन नहपान मी घरी आणून तव्यावर टाकले. छान फुगले.