अर्धी भाकरी

शिवाजी पेठेतला गौस शिंपी शिलाई मशीन पायाने चालवायचा, आणि त्याच उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम महिना झाला तरी भरेना. डॉक्टरांनी तपासलं तर साखर निघाली. चहा बिनसाखरेचा, गूळ बंद, जेवण निम्मं. नाहीतर पाय कापावा लागेल, असं त्यांनी त्याच्या बायकोला, ताजबीला, तोंडावर सांगितलं.

ताजबीने दोन भाकऱ्यांची एक केली, एकीची अर्धी केली. गौस कुरकुरला नाही. कुरकुरायला त्याचं तोंड रिकामं होतं कुठे?

ताजबी बिस्किटाच्या कारखान्यात पुडे भरायला जायची. क्रीमची मोडकी बिस्किटं बायकांना घरी न्यायला मिळत. त्या बिस्किटांचा डबा मशीनशेजारीच असायचा. भाकरीला पोट बास म्हणतं. हे गोड चावायच्या आत विरघळायचं आणि गौसचा हात परत डब्यात. आजाऱ्याला भेटायला जाताना सारी पेठ बिस्किटाचाच पुडा नेते. मग तेच पथ्याला चालत नाही, हे ताजबीला कोण सांगणार? अर्धपोटी माणसाला तेवढाच आधार, असं तिला वाटायचं.

डॉक्टर दर वेळी विचारत, जेवण किती? ती खरं तेच सांगायची, अर्धी भाकरी. तरी साखर उतरत कशी नाही म्हणून ते कपाळाला हात लावत आणि औषध वाढवत.

पाय गुडघ्याखाली कापला. चौथ्या दिवशी नर्सला उशीखाली बिस्किटाचा चुरा सापडला. हे रोज खातात का, असं तिने विचारलं, तेव्हा कुठे ताजबीच्या डोक्यात प्रकाश पडला. ती रडली नाही. रडायला यायला हवं होतं, पण आत काही हललंच नाही.

गौस घरी आला तो भिंतीकडे तोंड करून झोपला. मशीनवर चादर पडली. दुपारी ताजबी डबा उकिरड्यावर टाकायला उठली आणि मशीनच्या स्टुलावरच बसून राहिली. किती वेळ, कुणास ठाऊक.

शेजारची बयाबाई दारात आली. ‘‘जेवलीस का गं?’’

‘‘न्हाय. सकाळधरनं तोंडात घास न्हाय.’’

ताजबी खोटं बोलत नव्हती. बयाबाई तिच्या मांडीकडे बघत राहिली. म्हणून ताजबीनेही खाली पाहिलं. पदरावर चुरा सांडला होता आणि डब्याचा तळ दिसत होता.